टाळेबंदी आणि कंबरेचे माप

(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मधुमेहासारख्या विषयावर बोलण्यास वस्तुतः एखाद्या डॉक्टरमहाशयांना पाचारण करावयास हवे होते. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे व त्यावर अध्यापनाची पदविका एवढेच. हयात मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेली. तेव्हा औषधोपचाराविषयी आम्ही एक अक्षरही बोलणार नाही. तो अधिकार आमचा नाही. परंतु आज ज्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे ती माणसाच्या दिनचर्येतील आहे, आणि ती मोजण्याचे साधन तर आपल्या शिंपी समाजाच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या लोंबत आले आहे. ते साधन म्हणजे टेप. एवढ्या भांडवलावर आम्ही हे धाडस करीत आहोत.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. प्रथम एकवीस दिवसांची, मग वाढत वाढत ३१ मेपर्यंतची. आपल्या धंद्याच्या दृष्टीने यापेक्षा वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. एप्रिल-मेची लग्नसराई बुडाली, आणि तिच्या पाठोपाठ जूनमधील शाळेच्या गणवेशांचा हंगामही बुडाला, कारण शाळाच उघडल्या नाहीत. कित्येकांनी घरी मशीन आणून मुखपट्ट्या शिवल्या व त्यावर घरची चूल पेटती ठेवली. पुढे जूनमध्ये दुकानांच्या फळ्या हळूहळू निघाल्या. त्या वेळी गिऱ्हाईक नवे कापड घेऊन येईल अशी आशा होती. ते आले, पण जुने कपडे घेऊन आले! पँट कंबरेत सैल करून द्या, सदऱ्याची बटणे ताणतात, ब्लाऊजची शिवण उसवून माया सोडा, हेच काम कित्येक दिवस चालले होते, असे साताऱ्यातील आपल्या अनेक व्यवसायबंधूंनी आम्हांस सांगितले. एका वयोवृद्ध कारागिराने आपली मापाची वही आमच्यापुढे उघडून ठेवली. फेब्रुवारी २०२० चे कंबरेचे माप आणि त्याच माणसाचे ऑक्टोबरचे माप यांत कोठे इंच, कोठे दीड इंच, तर कोठे दोन इंचांचे अंतर होते. आपल्या पूर्वजांनी शिवणीत माया ठेवण्याची रीत घातली ती वाढत्या मुलांसाठी व बाळंतिणींसाठी. पन्नाशीच्या बाप्यांसाठी ती इतक्या घाऊक प्रमाणात कामी येईल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

ही गोष्ट आपण हसण्यावारी नेली. परंतु त्या दीड इंचाचा अर्थ सर्वांना सारखा नसतो. ज्याच्या घरात मधुमेह नाही, जो तरुण आहे, त्याच्या दृष्टीने तो केवळ शिवणीचा प्रश्न. पण जो मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा आहे, त्याला हाच दीड इंच आत ढकलू शकतो. आणि उंबरठ्यावरच्या माणसास आपण उंबरठ्यावर आहोत हे बहुधा ठाऊकही नसते. तहान नाही, थकवा नाही, पायास मुंग्या नाहीत. सकाळी उपाशीपोटी रक्तातील साखर १०० च्या आत असावी. ती १२६ किंवा त्याहून अधिक आढळली व पुन्हा तपासूनही तशीच निघाली म्हणजे मधुमेह ठरतो. मधली १०० ते १२५ ही जागा उंबरठ्याची. काही वैद्यकीय संस्था ती ११० पासून मोजतात, एवढाच फरक. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत भारतातील मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, तर उंबरठ्यावरचे त्याहूनही अधिक, म्हणजे १३ कोटी ६० लाख, असा अंदाज आहे. आजच्या सभागृहातही असे कितीतरी बंधुभगिनी बसलेले असतील.

‘आम्ही तर सडपातळ आहोत,’ असे कोणी मनात म्हणत असेल, तर त्यांच्यासाठी पुण्याचे उदाहरण देतो. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा स्नेह्यांनी स्वतःचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचेही वजन अगदी सारखे. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा इंग्रज गृहस्थांची ९ टक्के आणि आपल्या पुणेकरांची २१ टक्के भरली! हातपाय काटकुळे, पण चरबी मुक्कामास आलेली, आणि तीही विशेषतः पोटात, अशी आपली ठेवण आहे. म्हणून वजनकाटा आपल्याला फसवितो. टेप सहसा फसवीत नाही.

आता टाळेबंदीने नेमके काय केले ते पाहू. आपण समजतो की तिने आपला व्यायाम बंद केला. खरे पाहता व्यायाम करणारे आपल्यात होते तरी किती? पहाटे अजिंक्यताऱ्यावर किंवा चार भिंतींकडे नेमाने जाणारी मंडळी बोटांवर मोजण्याइतकी. त्यांचे फिरणे बंद झाले हे खरेच. त्या दिवसांत अनेक शहरांत फिरावयास निघालेल्यांवर पोलिसांनी कारवाईही केली, आणि महाराष्ट्रात मोकळ्या जागी फिरण्याची मुभा जून २०२० पासून मिळू लागली. परंतु याहून मोठी हानी झाली ती ज्याला आपण व्यायाम म्हणतच नाही अशा चालण्याची. मोती चौकातून भाजी आणणे, अस्तर आणि धागा जुळवीत कापडाची चार दुकाने पालथी घालणे, पोवई नाक्यावर एसटीची वाट पाहत येरझाऱ्या घालणे, नातवाला शाळेत पोहोचविणे, सायंकाळी देवळात जाणे, मयतीला आणि मंगलकार्याला जाणे. या चालण्याची नोंद कोणी ठेवीत नाही, त्यासाठी कोणी बूट घेत नाही. पण दिवसाची हजारो पावले त्यातूनच पडत असतात. जगातील १८७ देशांतील लोकांच्या मोबाइलवरील पावलांची मोजदाद अमेरिकेतील संशोधकांनी केली. महामारीची घोषणा ११ मार्च २०२० रोजी झाली, त्यानंतर तीस दिवसांत रोजची पावले सरासरीने २७ टक्क्यांनी घटली होती.

चालणे आणि साखर यांचा संबंध काय, हे थोडे उलगडून सांगणे आम्हा मास्तरांस भागच आहे. आपण भाकरी खातो, भात खातो. त्यांतील पिष्टाची साखर होऊन ती रक्तात उतरते. ती साठवून घेणारे फार मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू, आणि त्यांतही मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू थोर. इन्सुलिन ही त्या कोठाराची किल्ली. मनुष्य बसून राहिला, पोटावर चरबी चढली, म्हणजे कुलूप गंजते आणि एका किल्लीचे काम दोन किल्ल्यांनीही होत नाही. परंतु स्नायू हालू लागले म्हणजे कोठाराचे मागचे दार उघडते व किल्लीवाचूनही काही साखर आत जाते. जेवणानंतरची शतपावली वडीलधारी माणसे सांगत आली ती यासाठी उपयोगी. आपल्या धंद्यात पूर्वी पायमशीन होते. दिवसभर पाय हालत असे. मशीनला मोटार बसली, कष्ट वाचले, आणि त्याबरोबर पोटऱ्याही बसल्या. मोटार काढून टाका असे म्हणण्याइतके आम्ही जुनाट नाही. गेलेली हालचाल दुसरीकडून भरून काढावी, एवढेच आमचे सांगणे.

हालचाल एका बाजूने गेली, आणि दुसऱ्या बाजूने ताट भरले. घरात सर्वजण, बाहेर भीती, आणि विरंगुळ्याचे एकच स्थान, ते म्हणजे स्वयंपाकघर. जिलेबी, पाणीपुरी, पाव, केक अशा ज्या वस्तू पूर्वी सणावारी वा बाजारात मिळत, त्या घरोघरी होऊ लागल्या. चहा चार वेळा, आणि चहाबरोबर बिस्किटे. २८ मार्चपासून दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झाले. सकाळी नऊ आणि रात्री नऊ. श्रद्धेने पाहिले त्यात वावगे काहीच नाही, परंतु रात्रीचे जेवण त्यामुळे दहावर गेले आणि झोप बारावर, हे अनेक घरांत आम्ही पाहिले. उशिरा जेवणे, लगेच आडवे होणे, उशिरा उठणे हा क्रम साखरेस मानवत नाही. भगिनींचे हाल निराळेच. कामवाली नाही, सारी माणसे दिवसभर घरात, आणि प्रत्येकाच्या खाण्याची वेळ वेगळी. उभ्याने सारा दिवस गेला तरी स्वतःसाठी अर्धा तास मोकळ्या हवेत चालणे त्यांच्या वाट्यास आले नाही, आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून पोटात ढकलले गेले ते निराळेच.

सर्वांवर कडी केली चिंतेने. दुकानाचे भाडे, कारागिरांची उचल, कर्जाचे हप्ते. मन धास्तावले म्हणजे शरीरात अशी द्रव्ये स्रवतात की रक्तातील साखर वर चढते. उत्तर भारतातील १५० मधुमेही रुग्णांची टाळेबंदीच्या काळात विचारपूस केली गेली, तेव्हा ४२ टक्क्यांचा व्यायाम घटला होता, २३ टक्क्यांचे मधल्या वेळचे खाणे वाढले होते, १९ टक्क्यांचे वजन वाढले होते. परंतु मानसिक ताण सांगणारे होते ८७ टक्के. ज्यांना मधुमेह नव्हता अशा शंभर जणांचीही एक लहानशी पाहणी झाली. त्यांपैकी चाळीस जणांचे वजन वाढले, आणि सोळा जणांचे दोन ते पाच किलोंनी वाढले. शंभर माणसे म्हणजे देश नव्हे. तथापि आपल्या मापाच्या वहीशी हे आकडे चांगलेच जुळतात.

निःपक्षपातीपणाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही घरांना टाळेबंदी मानवली. वडापाव नाही, मंगलकार्यातील पंगती नाहीत, घरचे ताजे अन्न, पुरेशी झोप, आणि वाड्याच्या चौकात किंवा गच्चीवर नेमाने फेऱ्या. चेन्नई येथील डॉ. मोहन यांच्या रुग्णालयांत त्या काळात ज्यांची तपासणी झाली त्यांची साखर सरासरीने बिघडलेली नव्हती, किंचित सुधारलेलीच होती. म्हणजे दोष दार बंद असण्याला सर्वस्वी देता येणार नाही. ज्याने दिवसाला शिस्त लावली तो तरला. ज्याचा दिवस उसवला त्याची साखर चढली. मात्र गच्ची असणे, उत्पन्न चालू असणे, मन स्वस्थ असणे हेही भाग्याचे असते. एका खोलीत पाच माणसे आणि बंद पडलेले दुकान, अशा गृहस्थास शिस्तीचे व्याख्यान देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

असेच एक गृहस्थ आमच्या नात्यातले. आमचे मावसबंधू, वय त्या वेळी सेहेचाळीस, पुरुषांचे कपडे शिवण्यात तरबेज हात. आई आणि वडील दोघांनाही मधुमेह. २०१९ साली त्यांची उपाशीपोटीची साखर ११६ निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. रोज पाऊण तास चाला आणि चहातील साखर सोडा, एवढेच सांगितले. त्यांनी ते मनावर घेतले. रोज पहाटे चार भिंतींपर्यंत जाऊन येत. सहा महिन्यांत साखर १०३ वर आली, कंबर दोन इंच उतरली. मग टाळेबंदी लागली. लग्नाच्या सत्तावीस सुटांची कामे परत गेली. दुकानाचे भाडे थांबले नाही. ते सारा दिवस खिडकीपाशी बसून राहत, रात्री तीनपर्यंत जागत, आणि गोड चहा पुन्हा सुरू झाला. जून उजाडला, दुकान उघडले. चार भिंतींची वाट मात्र पुन्हा धरली गेली नाही. ‘जरा धंदा सावरू द्या दादा, मग जातो,’ असे म्हणत. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले आणि ते ‘मग’ आणखी लांबले. रक्त तपासणे तर दोन वर्षे राहूनच गेले, कारण दवाखान्यात जाण्याचीच भीती.

जानेवारी २०२२ मध्ये एके दिवशी ते म्हणाले, ‘दादा, सुईत दोरा जात नाही हो.’ चाळिशी आहे, म्हणून चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे त्यांनी धरले. नवा चष्मा केला. पाच-सहा आठवड्यांत तोही चालेना. नेत्रतज्ज्ञ हुशार, इतक्या थोड्या अवधीत नंबर दोनदा बदलतो म्हटल्यावर त्यांनी काचा बाजूस ठेवून प्रथम रक्त तपासावयास पाठविले. उपाशीपोटीची साखर २८४. रक्तातील साखर फार वाढली म्हणजे डोळ्यातील भिंगास फुगारा येतो व नंबर हेलकावे खातो, असे त्यांनी समजावून दिले. आज औषधाने साखर ताब्यात आहे, दृष्टीही स्थिरावली आहे. परंतु उंबरठ्यावरून परत फिरण्याची जी वाट २०१९ साली त्यांना सापडली होती, ती राहिली नाही. आता जन्मभर गोळ्या, आणि दरवर्षी डोळ्यांचा पडदा, पाय व मूत्रपिंडे तपासणे. त्यांच्याच संमतीने आम्ही हे सांगत आहोत. नाव तेवढे सांगू नका, असे ते म्हणाले.

आम्हांस जे प्रामुख्याने सांगावयाचे आहे ते हेच, की टाळेबंदी अडुसष्ट दिवसांनी उठू लागली, पण तिने लावलेल्या सवयी उठल्या नाहीत. भाजी अजून दारात येते. किराणा मोबाइलवरून येतो. नोकरदार तरुण अजून आठवड्यातील काही दिवस घरच्या खुर्चीतूनच कचेरीचे काम करतात. मुले जवळजवळ दोन वर्षे शाळेविना राहिली. खेळाचा तास बुडाला तो बुडालाच, हातातील पडदा मात्र राहिला. पंढरीची वारी २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी चालत निघाली नाही. माउलींच्या व तुकोबांच्या पादुका एसटीच्या गाडीतून गेल्या. नामदेवरायांच्या समाजाला हे फारच लागले. २०२२ पासून वारी पुन्हा पायी सुरू झाली, आणि आपल्यापैकी पुष्कळजण त्या वर्षी लोणंद-फलटणच्या वाटेवर होते. वारीसाठी चालणे आपण परत मिळविले. बाजारासाठीचे मिळविले नाही.

उंबरठ्यावरचा मनुष्य परत फिरू शकतो याला पुरावा आहे. चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर तीन वर्षे प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ सर्वसाधारण माहिती दिली त्यांपैकी ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांच्याकडून रोजचे चालणे व आहारातील संयम पाठपुरावा करून पाळून घेतला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के राहिले. नुसत्या गोळीवर ठेवलेल्यांच्यात ते जवळजवळ तेवढेच होते. चालण्याने रोग शंभर टक्के टळतो असे नाही, हेही या आकड्यांवरून दिसते. आम्ही ते लपवीत नाही.

आता टेपाकडे येऊ. डॉ. मोहन यांच्या चेन्नईच्या संस्थेने २००५ साली एक गुणपत्रिका तयार केली. तीत चारच प्रश्न आहेत. वय पस्तीसच्या आत असल्यास शून्य, ३५ ते ४९ असल्यास २०, पन्नास व पुढे ३०. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीची ८० च्या आत असल्यास शून्य. त्यापुढे दहा सेंटिमीटरपर्यंत १०, आणि त्याहून अधिक असल्यास २०. नेमाचा व्यायाम आणि कष्टाचे काम दोन्ही असल्यास शून्य, एकच असल्यास २०, एकही नसल्यास ३०. आईवडिलांपैकी एकास मधुमेह असल्यास १०, दोघांस असल्यास २०. बेरीज ६० वा अधिक झाल्यास धोका मोठा. आता एक उदाहरण सोडवू. मास्तरांची खोड जात नाही. पंचेचाळीस वर्षांचा कारागीर, कंबर ८८, रोज फिरणारा, वडील मधुमेही. वीस, शून्य, वीस, दहा, बेरीज ५०. तोच कारागीर टाळेबंदीत फिरणे सोडतो व त्याची कंबर ९२ होते. वीस, दहा, तीस, दहा, बेरीज ७०. वय तेच, वडील तेच. या परीक्षेत कमी गुण मिळविणारा विद्यार्थी उत्तम, एवढे ध्यानात ठेवावे.

जाता जाता संघाविषयीही दोन शब्द. आपल्या वधूवर मेळाव्यात आणि स्नेहसंमेलनात दोन गोड पदार्थ, तळण आणि आग्रह, हा पाहुणचाराचा मानदंड झाला आहे. कार्यकारिणीने या वर्षी एकच गोड पदार्थ, ज्वारीची भाकरी, उसळ आणि कोशिंबीर असा बेत केला आहे व पंगतीत आग्रह न करण्याचे ठरविले आहे. यावर काही ज्येष्ठांची नापसंती आमच्या कानी आली. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून आम्ही म्हणतो की बेत योग्य आहे.

सभागृहाबाहेर उजव्या हातास टेबल मांडलेले आहे. पुरुषांची मापे आपले दोन ज्येष्ठ कारागीर घेतील. भगिनींची मापे आतल्या खोलीत महिला मंडळाच्या भगिनी घेतील. आपल्या पँटचे माप कोणी तोंडी सांगू नये; पँट पोटाखाली बांधली जाते, आणि येथे हवे आहे ते शेवटची बरगडी व कंबरेचे हाड यांच्या मध्यावरचे माप, साधा श्वास सोडल्यावरचे. पोट आत ओढून उभे राहिल्यास कारागिरास ते कळते. ज्यांना मधुमेह आहे हे आधीच ठाऊक आहे त्यांनी रांगेत थांबण्याचे कारण नाही. ज्यांची बेरीज साठ वा अधिक येईल त्यांना चिठ्ठी मिळेल. त्यांनी या आठवड्यात उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावे. तीस वर्षांवरील व्यक्तींची ही तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. पहिली पंगत साडेबारास बसेल. मापे त्यापूर्वीच द्यावीत, ही विनंती.